रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या तांडेलचाचांना

चाचा, सलाम.

माझा बाबू गेला त्याच्या नवव्या दिवशी तुम्ही आलात आणि पडवीत नुसते बसून राहिलात. चहाला हात लावला नाहीत. उठताना एवढंच म्हणालात, "मी दर्यात होतो गो बाय." तेव्हा मला बोलायला सुधरलं नाही. म्हणून आता लिहिते, आणि चारचौघांत लिहिते. कोणीतरी तुम्हाला जेटीवर वाचून दाखवेल.

२०१७चा जून होता. रमजान चालू होता, आणि पाऊस असा की भाट्याचा पूल दिसत नव्हता. बाबू दहा वर्षांचा. हिमोग्लोबिन सहावर, ओठ पांढरेफटक, आणि रक्तपेढीत ना ए पॉझिटिव्ह, ना ओ पॉझिटिव्ह. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद, म्हणून जून उजाडला की आमच्या पोटात गोळा यायचा. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात रक्त नीट तयारच होत नाही असा जन्माचा आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त. सात महिन्यांचा असताना निदान झालं. त्याआधी एका डॉक्टरांनी अशक्तपणा समजून लोहाचं टॉनिक चालू केलं होतं, त्याला नेमकं जे द्यायचं नव्हतं तेच.

नौका शाकारताना पडलेल्या खलाशाला घेऊन तुम्ही हॉस्पिटलात आला होतात. मी जिन्याखाली उभी राहून रडत होते. "काय झाला गो बाय?" म्हणालात, आणि ऐकून निघून गेलात. दुसऱ्या दिवशी रोजा सोडून, जेवूनखाऊन, रात्री नऊ माणसं घेऊन रक्तपेढीच्या दारात हजर. कोणाचं रक्त चालतं, कोणाचं नाही, हे तुम्ही आदल्या दिवशीच तिथल्या सिस्टरना विचारून ठेवलं होतंत. एकेकाला थांबवून विचारत होतात, काल घेतली होतीस काय, मलेरिया कधी झालेला. दोघांना तिथूनच परत पाठवलंत. तुमचा स्वतःचा गट बी पॉझिटिव्ह निघाला, बाबूला न चालणारा. तरी बाही वर केलीत. "कोणाच्या तरी पोराला लागेलच." रक्ताच्या पाच तपासण्या होऊन दुसऱ्या दिवशी दुपारी बाबूला पिशवी लागली. संध्याकाळी तो भाकरी मागत होता.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, आणि रक्ताचा तुटवडाही नेमका तेव्हाच, हे तुम्ही हेरलंत. इतकी वर्षं आम्ही खेपा घालत होतो, आमच्या कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. नेपाळची, कर्नाटकची पोरं बंदीत गावी जातात, म्हणून त्यांना मेअखेरीस आणायचात. इथली पोरं मग जून-जुलैत. २०२०च्या एप्रिलमध्ये सगळं बंद असतानासुद्धा तुमची पाच माणसं परवानगीचा कागद खिशात घालून चालत आली होती.

पण चाचा, मला आभार मानायचे आहेत ते त्या डायरीचे.

डिझेल किती, बर्फ किती, कोणाची उचल किती, हे लिहिलेली तुमची जुनी डायरी. तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर तुम्ही खलाशांची नावं, गट आणि रक्त दिल्याची तारीख टिपून ठेवायचात. बाबू बारा वर्षांचा झाला तेव्हा ती त्याच्या हातात दिलीत. "माझा अक्षर माझा माला लागत नाय. तू सांभाळ, नाखवा."

नाखवा! बाराव्या वर्षी तो आठ वर्षांचा दिसायचा, चाचा. गालाची हाडं वर आलेली, प्लीहा वाढून पोट पुढे आलेलं. सगळे त्याला 'बिचारा' म्हणायचे. आम्हीसुद्धा त्याला जपता जपता आजारीच करून ठेवला होता. तुम्ही त्याला नौकेचा मालक केलंत. त्या दिवसापासून तो शाळेतून आला की डायरी उघडून बसायचा. पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं अंतर लागतं, ते तो बोटांवर मोजायचा आणि फोन लावायचा. "काका, तुमचे नव्वद दिवस भरले." समोरचा कुरकुरला तर आवाज चढवायचा. आमच्यावर कधी चढवला नाही इतका! रात्री पोटात सुई टोचून अंगातलं जादा लोह काढायच्या औषधाचा पंप लावलेला असायचा, आठ-दहा तास, आठवड्यातल्या पाच रात्री, आणि हा आडवा पडून याद्या करायचा. त्याच्या यादीतलं रक्त वॉर्डातल्या इतर मुलांनाही लागायचं. त्यांच्या आयांना तो सांगायचा, "घाबरू नका, माझी माणसं येतील."

नारळी पौर्णिमेला नौकेची पूजा झाली की तुम्ही त्याचा वाटा काढायचात. खलाशासारखाच, दयेचा नव्हे. ते बांगडे तो स्वतः मोजून घ्यायचा.

रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम लोह अंगात जातं, आणि ते बाहेर टाकायची वाट शरीराला नाही. पंप झाला, नंतर पाण्यात विरघळवायच्या गोळ्या झाल्या. तरी ते हृदयात साठत गेलं. बहिणीची बोनमॅरो जुळली नाही. कोकणकन्येने मुंबईला एमआरआयसाठी किती वेळा गेलो, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. २०२३च्या सप्टेंबरमध्ये, सोळाव्या वर्षी, तो गेला. तुमच्यामुळे रक्तावाचून तो एकदाही राहिला नाही. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

तुमच्या धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही येऊन विचारलंत, ती तपासणी कोणती. एचबीए टू, थॅलेसेमियाचा वाहक ओळखायची रक्ततपासणी. आम्हा नवराबायकोला कोणी हे सांगितलं नव्हतं. दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे नुसते वाहक, असलो तर दर बाळंतपणात चारात एक धोका असतो, हे बाबू झाल्यावर कळलं. तुमचा जावई तपासणीला तयार झाला, ते ऐकून बाबू म्हणाला होता, "चाचांनी लावलाच नंबर."

डायरी परत द्यायची म्हणून काढली, पण द्यायचं धाडस होईना. शेवटच्या पानावर त्याच्या अक्षरात अकरा नावं होती, पुढे तारखा. तीन नावांच्या तारखा दिवाळीनंतरच्या. त्या तारखा आल्या तेव्हा मी फोन केले. तिघंही आले.

आता ती मीच लिहिते. तुमचे नव्वद दिवस १२ जूनला भरतात, चाचा. जेवून या.

बाबूची आई