खुनाची हकीकत वाचणाऱ्या अभिवाचिकेस

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावरील पुस्तक आपल्या आवाजात नुकतेच ऐकून पूर्ण झाले आणि आपले आभार मानल्यावाचून राहवेना. मधुमेहाने दृष्टी अधू झाल्यापासून छापील पान मला परके झाले आहे. आपल्यासारख्यांच्या अभिवाचनामुळेच माझे वाचन टिकले.

मडगावच्या न्यायालयात मी दुभाष्याचे काम केले. आमच्याकडे साक्षीदार कोकणीत किंवा मराठीत बोलतो आणि नोंद इंग्रजीत होते. जबानी संपली की ती साक्षीदाराला आरोपीसमक्ष वाचून दाखवावी, चूक असल्यास दुरुस्त करावी, अशी तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७८ व्या कलमात होती, आणि ती नोंद त्याच्या भाषेत त्याला समजावून सांगणे माझ्याकडे असे. तिथे आवाज चढवून चालत नाही, पदरचा शब्द घालून चालत नाही. पण मुलगी गमावलेली आई पिंजऱ्यात उभी असताना तिचेच बोलणे बाजाराच्या यादीसारखे भराभर वाचूनही चालत नाही. ही कसरत किती अवघड असते हे मी जाणतो, म्हणूनच आपले वाचन मला मोलाचे वाटते.

१ डिसेंबर १९७६ च्या रात्री भांडारकर रस्त्यावरील अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जणांचे प्राण गेले. त्या प्रकरणात आपण काशिनाथशास्त्री अभ्यंकरांचे नाव ज्या आदराने घेतलेत, त्याच आदराने घरात कामाला असलेल्या सकुबाईंचेही घेतलेत. दोन्ही नावांनंतर आपण क्षणभर थांबलात. मी तेवढा भाग मुद्दाम मागे नेऊन पुन्हा ऐकला. माफीच्या साक्षीदाराची जबानी आली तेव्हा तर मी सावध होऊन बसलो होतो, कारण गुन्हेगाराला घोगरा, दरडावणारा आवाज देण्याचा मोह तिथेच पडतो, आणि एकदा तो आवाज कानात बसला की श्रोता मेलेल्यांना विसरून मारणाऱ्याच्या मागे जातो. आपण ती जबानी सरळ, सावकाश वाचलीत. मारेकरी कला महाविद्यालयात शिकणारी साधी दिसणारी मुले होती, ही गोष्ट त्यामुळेच अंगावर आली. दहा खून, खटला आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना झालेली फाशी, इथपर्यंत आपला स्वर कुठेही विजयी झाला नाही.

आमच्या गोव्यात याची फार गरज आहे. ६ एप्रिल १९८६ रोजी इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी चार्ल्स शोभराजला पर्वरीच्या ज्या हॉटेलात पकडले, तिथे त्याचा पुतळा बसवला गेला आणि पर्यटक त्याच्या शेजारी बसून फोटो काढू लागले. ज्यांचे प्राण त्याने घेतले त्यांची नावे इथे कोणाला विचारली तर उत्तर मिळणे कठीण. ऐकणाऱ्याच्या मनात कोण उरणार, हे पुष्कळदा वाचणाऱ्याच्या आवाजावर ठरते, असे मला आपल्यामुळे प्रकर्षाने जाणवले.

कोर्टात समजावून सांगितलेल्या कित्येक जबान्या निवृत्तीनंतरही माझी झोप मोडत असत. आपल्या स्वरात अशाच हकीकती ऐकताना, त्या माणसांचे म्हणणे कोणीतरी नीट जपून पुढे नेत आहे, असा दिलासा मला मिळाला. त्याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

गोव्यातील एखादे प्रकरण आपण वाचायला घेतलेत आणि गावांचे किंवा माणसांच्या नावांचे उच्चार कुठे अडले, तर अवश्य विचारावे. ते सांगताना मला आनंदच होईल.

कळावे,
आपला कृतज्ञ श्रोता,
एक निवृत्त दुभाषी, मडगाव