हिरवा पफर न विकणाऱ्या ताईंचे आभार

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला तसा बोभाटा आवडत नाही. पण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते लातुरात आणि आसपास फिश टँक ठेवणाऱ्या चार लोकांना कळावं, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

आमच्या लेकीला पफरच हवा होता, म्हणजे घाबरला की अंग फुगवणारा मासा. हिरव्या-पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेलं पिल्लू तिनं दुसऱ्या एका दुकानात ‘गोड्या पाण्यातला पफर’ म्हणून पाहिलं होतं. तसंच मागवून द्या म्हणून आम्ही तुमच्याकडे आलो. तुम्ही हो-नाही काहीच न म्हणता विचारलंत, “दादा, मासा नंतर बघू. टाकी केवढी आहे अन् पाणी कुठलं भरता, ते आधी सांगा.” माझे पहिले आभार या प्रश्नाचे.

टाकी अडीच फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच. वाळू आणि झाडं वजा जाता पाऊणशे लिटर पाणी. हे ऐकल्यावर तुम्ही लेकीला समोर बसवून एकेक मासा समजावून सांगितलात. हिरवा ठिपक्यांचा पफर नदी समुद्राला मिळते तिथला. लहानपणी तो गोड्या पाण्यात तग धरतो, म्हणून तसा विकला जातो. मोठा होईल तसं त्याला खारं पाणी लागतं, तेही समुद्री माशांसाठीचं मीठ घालून केलेलं, आणि तो पंधरा सेंटिमीटरपर्यंत जातो. आठच्या आकड्यासारखी नक्षी असलेला पफर त्याच्यापेक्षा लहान, पण त्यालाही थोडं खारं पाणीच मानवतं. आफ्रिकेतला फहाका खरोखर गोड्या पाण्यातला. बोटाएवढा असताना फार लोभस दिसतो आणि वाढून ४० सेंटिमीटरच्या पुढं जातो, शिवाय टाकीत दुसरा मासा खपवून घेत नाही. “आपल्या टाकीची रुंदी एक फूट. त्यानं वळायचं कसं?” हा तुमचा प्रश्न लेकीला लगेच पटला.

दक्षिण अमेरिकेतला पफर मात्र तुम्ही लगेच बाद केला नाही. अॅमेझॉनचा, गोड्या पाण्यातला, आठ-दहा सेंटिमीटरचा, सोबतीनं राहणारा. अडचण दातांची. पफरचे दात जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले असतात आणि वाढतच राहतात. या जातीचे तर इतके भराभर वाढतात की कधीकधी लवंग तेलाच्या पाण्यात माशाला गुंगी आणून ते कापावे लागतात. हे काम आम्हाला जमणार नाही आणि गावात कोणी करून देईलसं वाटत नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. गिऱ्हाईक हातचं जाईल याची फिकीर न करता इतकं कोण सांगतं?

राहिला पी पफर, ‘पी’ म्हणजे वाटाणा. जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरचा, आणि आपल्याच देशातला. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या नद्यांमध्ये तो सापडतो. १९४१ साली होरा आणि नायर या संशोधकांनी त्रावणकोरातून त्याची शास्त्रीय नोंद केली. शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी तो नद्यांतून फार पकडला गेला आणि आज धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे. म्हणूनच तुम्ही नदीतून आणलेले मासे नाकारलेत आणि टाकीत पैदास झालेली पिल्लं मिळेपर्यंत आम्हाला थांबवलंत. तसंही थांबावं लागणारच होतं, कारण नव्या टाकीत माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मासा देणार नाही असं तुम्ही बजावलं होतं. फिल्टरमध्ये ते संपवणारे उपयोगी जिवाणू वाढायला महिना-सव्वा महिना लागतो. पफरच्या अंगावर खवले नसतात, त्यामुळे घाण पाणी त्याला लवकर बाधतं आणि तांबं असलेली औषधंही सोसत नाहीत. ही सक्ती मला आजही सगळ्यात मोलाची वाटते.

सहा पफर घेतले. एकटा-दुकटा ठेवण्यापेक्षा गट आणि दाट झाडं बरी, म्हणजे एकाच्या पाठी सगळे लागत नाहीत. नर वयात आला की पोटावर गडद रेघ आणि डोळ्यामागं सुरकुत्या दिसतात. दोन नर फार भांडू लागले तर एक परत घेईन, असा शब्दही तुम्ही दिलात. आधीचे गप्पी पुतण्याच्या टाकीत गेले, नाहीतर त्यांच्या लांब शेपट्या पफरनी कुरतडल्या असत्या.

खाण्याचं तर तुम्ही आमचं घरच बदललंत. हा मासा सुके दाणे सहसा खात नाही. त्याला लागतात फ्रोजन ब्लडवर्म म्हणजे लाल अळ्या, डॅफ्निया म्हणजे पाण्यातले बारीक जीव, आणि गोगलगायी. आमचं शेत औसा तालुक्यात आहे. २०२२ च्या पावसाळ्यात शंखी गोगलगायींनी आमच्या भागातलं कोवळं सोयाबीन फस्त केलं होतं. तिथून हव्या तेवढ्या आणता येतील असं मी म्हणताच तुम्ही हात जोडलेत. शेतात त्यांच्यासाठी विषारी आमिष टाकतात, ते माशाच्या पोटात जाईल. त्याऐवजी तुम्ही पाण्यातल्या रॅम्सहॉर्न गोगलगायींची थोडी अंडी दिलीत. खिडकीतल्या बरणीत, उकडलेल्या दुधी भोपळ्यावर त्या वाढतात. पफर आधी थांबतो, एक डोळा इकडे, दुसरा तिकडे फिरवतो, मग गोगलगायीवर नेम धरतो. लेक जेवण विसरून हे बघत बसते आणि मीही बसतो.

आता पाण्याचं. २०१६ च्या उन्हाळ्यात या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. ते दिवस बघितलेल्या माणसाला घरात काचेची टाकी भरून ठेवताना मनाला लागतंच. हे मी बोललो तेव्हा तुम्ही समजूत घातली नाहीत, हिशेब मांडलात. आठवड्याला पाव टाकी बदलायची, म्हणजे बादलीभर पाणी, आणि ते कढीपत्त्याला नि तुळशीला घालायचं. माशांच्या विष्ठेपासून पाण्यात तयार होणारं नायट्रेट झाडांना खतच आहे. टँकरचं किंवा नळाचं पाणी असेल तर अँटीक्लोरीन घालून मगच टाकीत ओतायचं. बोअरचं पाणी जड आहे म्हणून घाबरायचं नाही, रोज वेगळं पाणी मात्र द्यायचं नाही.

मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला तेव्हा टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून हलवायला तुम्हीच फोनवर सांगितलंत. पाण्यावर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मात्र मागं राहतात, म्हणून वरची भर आरओच्या पाण्याची. लाइट गेली की बॅटरीवरचा एअर पंप चालू करायचा, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी टिकतो. उन्हाळा निघाला. सहाही पफर ठणठणीत आहेत आणि शेवाळात आता एक जोडी अंडी घालते आहे, असं लेकीचं म्हणणं.

तिला त्यांना फुगलेलं बघायचं होतं. तो भीतीनं फुगतो, त्याला मुद्दाम घाबरवायचं नाही आणि हलवायचा झाला तर जाळीऐवजी पाण्यासकट पेल्यात घ्यायचा, हे तुम्ही तिला सांगितलंत. आता घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती हे ऐकवते.

आमच्या बरणीत गोगलगायी फार झाल्यात. येत्या रविवारी डबाभर घेऊन येतो, तुमच्या दुकानातल्या पफरना चालतील. त्या शेवाळातल्या अंड्यांचं पुढं काय करायचं, तेही तेव्हा विचारायचं आहे.

तुमचा कृतज्ञ,
लातूरचा एक ग्राहक