डॉक्टर होणार म्हणून सांगू नका

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल फोनवर आई म्हणाली, "झाला ना इंटरव्ह्यू? मग झालं तर," आणि पुढचा अर्धा तास कुसुमआत्याच्या गुडघ्यावर बोलली. बाबांनी नेहमीसारखं दोनदा "हं" केलं आणि फोन परत आईकडे दिला. म्हणून हे पत्र. नॉर्थ कॅरोलिनातल्या कॉलेजात फिजिशियन असिस्टंटच्या, म्हणजे डॉक्टरांबरोबर राहून पेशंट तपासणाऱ्या मदतनिसाच्या, कोर्सचा इंटरव्ह्यू देऊन परतीच्या गाडीत बसलेय, नेवार्क यायला अजून आठ तास आहेत, आणि पत्र काही मधेच आईकडे देऊन मोकळं होता येत नाही.

विमानाने का गेली नाहीस, हे आई विचारणारच. तिकीट, हॉटेल, सगळा खर्च आपलाच असतो, कॉलेज काही देत नाही. शिवाय मला दहा-अकरा तास कुणाशी न बोलता उजळणी करायची होती. वॉशिंग्टनला गाडी थांबली आणि एकदम दिवे गेले. तिथपर्यंत विजेचं इंजिन, पुढे डिझेलचं, म्हणून बदलतात. सगळे वैतागून मोबाइल बघत होते, मला मात्र मिरज स्टेशन आठवलं. कोल्हापूरला जाताना मिरजेला इंजिन या टोकाचं त्या टोकाला लावायचे, तेवढ्यात बाबा चहाला उतरायचे आणि गाडी सुटेपर्यंत आईचा जीव खिडकीच्या गजांत.

उजळणी काही झाली नाही. आईने पाठवलेलं भडंग काढलं. शेजारची बाई लसणाच्या वासाने आधी सरकून बसली, मग तिनेच हात पुढे केला. त्या भानगडीत माझ्या पांढऱ्या शर्टाच्या कफाला पिवळं बोट लागलं. इंटरव्ह्यूचा एकच शर्ट! रात्री हॉटेलात साबण लावून घासला तर डाग लालभडक झाला. सांगलीत जन्म गेला, मार्केट यार्डावरून हजारदा गेले असेन, पण साबण लागला की हळद लाल होते हे ऐनवेळी आठवलं नाही. सकाळी कफ दुमडून, ब्लेझरच्या आत ढकलून गेले. दवाखान्याच्या कोर्सला निघालेली बाई आणि बाहीवर रक्तासारखा डाग. असो.

आता मुख्य. सकाळी आधी गटात बसवून एका केसवर चर्चा करायला लावली. त्यात कोण किती बोलतो आणि कोण दुसऱ्याला बोलू देतो, हे बघत असतात. मी कमी बोलले. त्यानंतर सहा खोल्या. प्रत्येक दारावर एक कागद. दोन मिनिटं वाचायचा, घंटा झाली की आत जायचं, सात मिनिटं बोलायचं, परत घंटा. एका खोलीत खोटा पेशंट होता, नाटकातला माणूस, इतका छान रडला की मीच गडबडले. बाकीच्या खोल्या ठीक गेल्या. चौथीबद्दल सांगायचंय.

चौथ्या दारावर लिहिलं होतं: खेड्यातल्या दवाखान्यात तुम्ही एकट्या आहात. तुमचे डॉक्टर फोन उचलत नाहीत. पेशंट इंजेक्शनसाठी अडून बसलाय. काय कराल?

बाबा, खेडं त्यांचं होतं, पण मला २००५चा पूर दिसला. मी सहावीत होते. आयर्विन पूल बंद, डॉक्टरकाका पलीकडे सांगलीवाडीत अडकलेले, आणि तुम्ही शाळेतल्या छावणीत एका बाकावर दवाखान्यातून वाचवून आणलेली पत्र्याची पेटी मांडून बसलेले. तो गावभागातला पैलवान तापाने फणफणलेला, "पेन्सिलिन ठोका, मागं दिलंय मला" म्हणून हटून बसला होता. तुम्ही म्हणालात, "आणि रिअ‍ॅक्शन आली तर? माझ्याकडं काय आहे इथं, मेणबत्ती?" तो सगळ्यांसमोर म्हणाला, "शेवटी कंपाउंडरच तू." तुम्ही काही बोलला नाहीत. त्याला पॅरासिटामॉलची गोळी दिलीत, आणि कालनिर्णयच्या फाटक्या पानामागे लिहिलंत: नाव, ताप किती, काय दिलं, किती वाजता. पाणी उतरल्यावर ती सगळी पानं सुतळीने बांधून डॉक्टरकाकांच्या टेबलावर ठेवलीत.

हे सगळं मी आत जाऊन सांगितलं. समोरची बाई साठीची असेल, स्वतः तीस वर्षं हेच काम केलेली. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि करायला नको होतं असं तुझ्या वडिलांनी कधी काही केलं का?"

खोटं बोलायला सात मिनिटं पुष्कळ होतात, मला दोन सेकंद लागली नसती. पण तोंडातून "हो, एकदा" गेलं. उसाच्या रसाच्या गाड्यावाल्याचं बोट चरकात सापडलं होतं, डॉक्टरकाका तासगावला लग्नाला गेलेले, आणि तुम्ही तीन टाके घातलेत. मी पडद्याआडून बघत होते, हे तुम्हाला माहीत नाही. ती म्हणाली, "मग ते चूक होतं का?" मी म्हणाले, "हात चुकला नव्हता. पण चुकला असता तर त्या माणसाने कुणाकडे जायचं, हे ठरलेलं नव्हतं." घंटा झाली.

तेव्हापासून मनात खातंय. तुमची गोष्ट परक्या बाईपुढे अशी उघडी केली, राग येईल का तुम्हाला?

पण आता एक सांगते, ते मला जातानाच वाचायला मिळालं. हा कोर्स जन्मला तो याच नॉर्थ कॅरोलिनात, डरहॅमच्या ड्यूक विद्यापीठात, १९६५ साली. डॉ. युजीन स्टेड यांनी सुरू केला. नौदलात जखमींची मलमपट्टी, टाके, सलाइन सगळं केलेले चौघे जण घेतले. बाहेर आल्यावर त्यांच्या त्या कामाला कुणी विचारत नव्हतं. त्यातले तिघे १९६७च्या ऑक्टोबरात पास झाले. पण स्टेडसाहेबांच्या डोळ्यासमोर आधीपासून एक माणूस होता. गार्लंड नावाच्या छोट्या गावात डॉ. एमॉस जॉन्सन यांचा दवाखाना, आणि तिथे बडी ट्रेडवेल नावाचा त्यांनी हाताखाली तयार केलेला मदतनीस. डॉक्टर बाहेरगावी गेले तरी बडीच्या जिवावर दवाखाना चालायचा. कुठलीही डिग्री नाही. बाबा, कंपाउंडरच की तो! तुम्ही पुड्या बांधता बांधता, बाटल्यांना कागदाचे डोस कापून चिकटवता चिकटवता शिकलात, तसाच शिकलेला. तुम्ही काम सोडलंत तसं तुमचं शिकलेलंही तुमच्याबरोबरच घरी आलं. इथे त्याचा अभ्यासक्रम झाला.

आई, आता तुझ्यासाठी. तू कॉलनीत "आमची डॉक्टर होणार" असं सांगितलंयस, हे मला संदीपच्या आईकडून कळलं. कृपा करून सांगू नकोस. मी डॉक्टर होणार नाही. हा साधारण सत्तावीस महिन्यांचा मास्टर्सचा कोर्स आहे. पहिलं वर्ष पुस्तकं, मग मेडिसिन, सर्जरी, बालरोग, इमर्जन्सी अशा एकेका विभागात काम. नंतर परीक्षा आणि लायसन्स. पेशंट तपासायचे, निदान करायचं, औषध लिहून द्यायचं, ऑपरेशनला मदत करायची, पण डॉक्टरांच्या टीममध्ये राहून. कुठल्या राज्यात किती मोकळीक, त्याचे नियम वेगळे. नावावरून इथेही रडारड आहेच. असिस्टंट शब्द कमीपणाचा वाटतो म्हणून त्यांच्या संघटनेने २०२१मध्ये 'असोसिएट' करायचं ठरवलं. मला असिस्टंट चालतो. आणि कुणी "म्हणजे कंपाउंडरच ना?" म्हणालं, तर उत्तर बाबांनी द्यावं.

एमबीबीएस हुकलं म्हणून हे धरलंय असंही समजू नका. ते दुःख कधीच संपलं. गेली तीन वर्षं क्लिनिकमध्ये बीपी, ईसीजी, लसी करतेय, साडेतीन हजार तास झाले. दर वेळी पेशंट आत येऊन "खऱ्या डॉक्टर कधी येणार" विचारतो, तेव्हा वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते, मला समोर दिसत असतं, आणि लिहायचा अधिकार नसतो.

पैशांचं संदीप बघतोय, कर्ज घ्यावं लागेल, त्याची चिंता तुम्ही करायची नाही. प्लॉट विकायचा विषय पुन्हा काढू नका. निकाल तीन-चार आठवड्यांत. नाही आला तर अजून दोन ठिकाणची बोलावणी आहेत.

बाबा, त्या टाक्यांचं खरं काय ते मला लिहा. डॉक्टरकाकांना सांगितलं होतंत का? ते काय म्हणाले? फोनवर नको, फोनवर तुम्ही "हं" म्हणाल. आंतरदेशीय इकडे चालत नाही, पाकिटातूनच टाका.

तुमची,
मनू

ता. क. आई, हळदीचा डाग उन्हात वाळवला की जातो ना? की आधी लिंबू लावायचं? गॅलरीत सकाळी दोनच तास ऊन येतं.