ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमधील दोष ‘जुना संगणक’ म्हणून फेटाळल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व तांत्रिक साहाय्य विभाग

विषय: वॉरंटीतील ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर वारंवार बंद पडणे, चुकीचे निदान आणि तक्रार परस्पर बंद करणे

संदर्भ: आपल्या पोर्टलवर नोंदवलेली व ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद केलेली तक्रार

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचे ग्राफिक्स कार्ड बसवलेल्या डेस्कटॉपवर काम चालू असताना स्क्रीन एकदम काळी होते आणि काही क्षणांनी परत येते. नेमक्या त्याच वेळेला विंडोजच्या इव्हेंट व्ह्युअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत), सिस्टिम विभागात, ‘डिस्प्ले’ या स्रोताची ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. डिस्प्ले ड्रायव्हरने (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) प्रतिसाद देणे थांबवले आणि नंतर तो सावरला, असा तिचा अर्थ. कधी तो सावरतच नाही. मग ११६ क्रमांकाच्या स्टॉप कोडची निळी स्क्रीन येते आणि संगणक पुन्हा सुरू होतो. उघडी फाइल जतन केलेली नसेल तर काम गेले.

यावर आपल्या विभागाचे अखेरचे उत्तर एका ओळीचे आहे: संगणक जुना आहे, पॉवर सप्लाय बदला किंवा संगणक बदला. हे निदान मला मान्य नाही. का नाही, ते मोजमापांसह खाली लिहीत आहे, कारण तक्रारीसोबत पाठवलेल्या डंप फाइल्सचा (दोष घडताना विंडोजने जतन केलेल्या तपशिलांचा) आपल्या उत्तरात साधा उल्लेखही नाही.

आधी वीजपुरवठा. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून (मदरबोर्डवरील ज्या खाचेत कार्ड बसते तिच्यातून) कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, आठ पिनांच्या कनेक्टरमधून १५० वॅट. हे कार्ड एवढ्यात बसते आणि पॉवर सप्लायची क्षमता आपण खोक्यावर छापलेल्या किमान आकड्यापेक्षा जास्त आहे. कार्डाची वायर थेट पॉवर सप्लायमधून आलेली आहे. मोलेक्सचा (जुन्या चार पिनांच्या जोडणीचा) अडॅप्टर किंवा स्प्लिटर मध्ये कुठेही नाही. १२ व्होल्टच्या लाइनला ५ टक्के इकडे-तिकडे चालते, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्ट. कार्डाच्या कनेक्टरवर मोजले तेव्हा लोड नसताना १२.१ आणि पूर्ण लोडवर ११.९ व्होल्ट मिळाले. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, क्षणभराचा खड्डा त्यात दिसत नाही, हे खरे आहे. म्हणूनच दुसरा, नव्या बनावटीचा पॉवर सप्लाय जोडूनही पाहिला. दोष जसाच्या तसा राहिला.

तापमानाचा प्रश्नच येत नाही. दोष बहुतेक वेळा कार्ड थंड असताना, त्याचे पंखे थांबलेले असताना येतो. रॅमवर मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे चारही पास (फेऱ्या) एकही चूक न दाखवता पूर्ण झाले. एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून रॅम मूळ वेगावर चालवली, तरी फरक नाही. मदरबोर्डचा बायोस (त्यावरचे मूळ सॉफ्टवेअर) शेवटच्या आवृत्तीवर आहे, प्रोसेसर किंवा कार्ड यांपैकी कशाचेही ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) केलेले नाही.

आता मुख्य मुद्दा. दोष खेळ चालू असताना येत नाही. तासन्‌तास पूर्ण लोड दिला तरी कार्ड डगमगत नाही. तो येतो तेव्हा स्क्रीनवर एखादा साधा दस्तऐवज उघडा असतो आणि बराच वेळ काही न हललेले पान माउसने सरकवले जाते, किंवा ब्राउझरमधला व्हिडिओ थांबवून पुन्हा सुरू केला जातो. म्हणजे कार्ड विश्रांतीच्या अवस्थेतून कामाच्या अवस्थेत जाते, नेमका तो क्षण. पॉवर सप्लाय अपुरा असता तर सर्वाधिक वीज ओढली जाताना संगणक बंद पडला असता. इथे सगळे उलट आहे. आपल्या तंत्रज्ञाने एवढी एकच गोष्ट विचारली असती तरी पॉवर सप्लायचा सल्ला देण्याआधी तो थांबला असता.

त्या क्षणी कार्डात दोन गोष्टी बदलतात. पहिली, स्लॉटच्या लिंकचा, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या जोडणीचा वेग. वीज वाचवण्यासाठी कार्ड निवांत असताना लिंक २.५ गिगाट्रान्सफरवर (सेकंदाला २.५ अब्ज हस्तांतरणांवर) उतरते आणि काम आले की या मदरबोर्डच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे ८ गिगाट्रान्सफरपर्यंत चढते. दुसरी, कार्डाच्या मेमरीचे क्लॉक (चालण्याचा वेग) आणि त्यासोबतचे व्होल्टेज. जुन्या मदरबोर्डला दोष द्यायचा असेल तर तो पहिल्या गोष्टीत सापडायला हवा. त्यासाठी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बंद केले आणि बायोसमध्ये स्लॉट ‘ऑटो’वरून ‘जेन १’वर (पहिल्या, सर्वांत संथ पिढीवर) कायम केला. जेन १ ला लिंक २.५ गिगाट्रान्सफरवरच राहते, तिला चढायला वा उतरायला जागाच उरत नाही. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तसे दिसतही होते. तरीही ४१०१ च्या नोंदी येत राहिल्या. शिवाय लिंकवर चुका होत असत्या तर डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (विंडोजच्या हार्डवेअर-चुका नोंदवणाऱ्या भागाच्या) १७ क्रमांकाच्या नोंदी दिसल्या असत्या. तशी एकही नोंद नाही.

दुसऱ्या गोष्टीची खात्री दोन वेगळ्या मार्गांनी झाली. आपल्याच कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर मॅनेजमेंट ‘मॅक्सिमम परफॉर्मन्स’वर ठेवले की मेमरी क्लॉक खाली उतरत नाही, आणि दोष येत नाही. त्याहून बोलका पुरावा दुसऱ्या मॉनिटरचा आहे. ६० हर्ट्झच्या मॉनिटरसोबत वेगळ्या रिफ्रेश रेटचा दुसरा मॉनिटर जोडला की हे कार्ड मेमरी क्लॉक चढेच ठेवते, कारण क्लॉक बदलण्यासाठी दोन्ही स्क्रीनच्या रिकाम्या वेळेचा मेळ बसत नाही. कोणतीही सेटिंग न बदलता फक्त तो मॉनिटर जोडला आणि दोष नाहीसा झाला. काढला आणि परत आला.

आणि हे सगळे आपल्या सध्याच्या ड्रायव्हरच्या शाखेतच (आवृत्त्यांच्या मालिकेतच) घडते. त्याआधीच्या शाखेतील शेवटची आवृत्ती घातली की एकटा ६० हर्ट्झचा मॉनिटर, लिंक ऑटोवर, पॉवर मॅनेजमेंट मूळ सेटिंगवर, असे असूनही एकही नोंद पडत नाही. हेच कार्ड याहून बऱ्याच नव्या एका मदरबोर्डवर, वेगळ्या प्रोसेसर-रॅमसोबत आणि कोऱ्या विंडोजवर लावले. तिथेही नव्या ड्रायव्हरवर दोष आला, जुन्यावर आला नाही. ‘जुना संगणक’ हे कारण इथेच संपते. दोन शक्यता उरतात: नव्या ड्रायव्हरने क्लॉक चढवण्या-उतरवण्याची पद्धत बदलली आणि त्यात चूक आहे, किंवा या कार्डाला कमी क्लॉकवर मिळणारे व्होल्टेज काठावरचे आहे आणि नव्या पद्धतीने ते उघडे पाडले. दोन्हींची जबाबदारी आपलीच आहे.

आपल्या विभागाने मधल्या काळात दिलेल्या एका सल्ल्याबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे, कारण तो इतर ग्राहकांनाही दिला जात असणार. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जमध्ये) ‘टीडीआर डिले’, म्हणजे ड्रायव्हर रीसेट करण्याआधी थांबण्याची सेकंदे, वाढवून ६० करा, असे सांगण्यात आले. विंडोज कार्डाच्या उत्तरासाठी मुळात २ सेकंद थांबते आणि उत्तर नाही आले तर ड्रायव्हर रीसेट करते. हा आकडा वाढवण्याला अर्थ आहे तो एखादे खरोखरच लांबलचक गणन कार्डावर चालू असेल तेव्हा. इथे कार्ड अडकलेलेच आहे. त्याला ६० सेकंद दिले की ते ६० सेकंद अडकून राहते, आणि वापरणारा गोठलेल्या स्क्रीनकडे बघत बसतो. नोंदी कमी झाल्यासारख्या वाटतात, म्हणून दोष कमी झाला असे कोणी समजू नये. ११६ चा स्टॉप कोड तर रीसेट करूनही कार्ड सावरले नाही तेव्हा येतो. त्यावर हा उपाय लागूच पडत नाही. मल्टिप्लेन ओव्हरले आणि हार्डवेअर-अ‍ॅक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग या विंडोजच्या ग्राफिक्सविषयक दोन सोयी बंद करूनही पाहिले, काही फरक पडला नाही.

ड्रायव्हर ‘नीट’ घातला नसेल, असेही सुचवण्यात आले. म्हणून पद्धत सांगतो. नेटवर्कची वायर काढली. ‘पॉवरसीएफजी’ आदेशाने हायबरनेशन बंद केले, म्हणजे फास्ट स्टार्टअपही बंद होते. ते चालू असेल तर शटडाउननंतरही कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हरची जुनी अवस्था डिस्कवरून परत येते आणि चाचणी विश्वासार्ह राहत नाही. सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवला, उरलेली पॅकेजेस ‘पीएनपीयुटिल’ या विंडोजच्या आदेशाने शोधून ड्रायव्हर स्टोअरमधून काढली, पुन्हा सुरू करून फक्त डिस्प्ले ड्रायव्हर घातला. ओव्हरले, रेकॉर्डिंग, स्वयंचलित ट्युनिंग यांतले काही घातले नाही. नेटवर्क सगळ्यात शेवटी जोडले. प्रत्येक आवृत्ती याच क्रमाने तपासली आहे.

आणि तरीही स्थिर आवृत्ती टिकवता येत नाही, ही तक्रारीची दुसरी बाजू. आपला अपडेटर न विचारता नवी शाखा उतरवतो. तो काढून टाकला तर आपण विंडोज अपडेटसाठी दिलेले पॅकेज त्या मार्गाने येते. ते रोखण्यासाठी ‘विंडोज अपडेटमध्ये ड्रायव्हर समाविष्ट करू नका’ हे ग्रुप पॉलिसीतले (विंडोजच्या प्रशासकीय नियमांतले) कलम लावावे लागते. विंडोजच्या होम आवृत्तीत हे नियम बदलणारा एडिटर नसतो, तिथे रजिस्ट्रीत हात घालावा लागतो. सामान्य ग्राहकाने हे करावे अशी अपेक्षा आपण कशी ठेवता? त्यात भर म्हणजे, स्थिर असलेली ती जुनी आवृत्ती आपल्या डाउनलोड पानावरून काढून टाकली आहे. ज्याच्याकडे तिची प्रत नाही त्याने काय करावे, हे आपल्या उत्तरात नाही. अनोळखी संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवणे म्हणजे कर्नलमध्ये परक्याला प्रवेश देणे आहे, आणि आपल्या धोरणामुळे लोक तेच करतील.

कार्डाच्या खोक्यावर आपण अटी छापल्या आहेत: पीसीआय एक्सप्रेस स्लॉट, पॉवर सप्लायची क्षमता, किमान रॅम, विंडोजची आवृत्ती. या सर्व पूर्ण होतात. मदरबोर्डच्या वयाची अट त्यात नाही, वॉरंटीच्या कागदावरही नाही. विक्रीनंतर ती नव्याने घालता येणार नाही.

माझी मागणी अशी. तक्रार पुन्हा उघडावी आणि ‘निराकरण झाले’ हा शेरा काढावा. लाइव्ह कर्नल रिपोर्ट्स या विंडोजच्या फोल्डरमधील ११७ आणि १४१ क्रमांकांच्या वॉचडॉग डंप फाइल्स ड्रायव्हर लिहिणाऱ्या अभियंत्यांपर्यंत पोहोचवून त्यांचा निष्कर्ष लेखी कळवावा. मागील शाखेची शेवटची आवृत्ती डाउनलोड पानावर, चेकसमसह (फाइल अस्सल आहे हे पडताळण्याच्या आकड्यासह), परत ठेवावी आणि अपडेटरमध्ये ‘याच आवृत्तीवर थांबा’ असा पर्याय द्यावा. दोष ड्रायव्हरचा ठरला तर तो प्रकाशन टिपणांतील ज्ञात दोषांमध्ये नोंदवावा. कार्डाचा ठरला तर कमी क्लॉकवरचे व्होल्टेज सुधारणारा व्हीबायोस (कार्डावरचे मूळ सॉफ्टवेअर) द्यावा, नाहीतर वॉरंटीनुसार कार्ड बदलून द्यावे. टीडीआर डिले वाढवण्याचा सल्ला आपल्या तयार उत्तरांमधून काढावा, ही मागणी इतर ग्राहकांसाठी आहे, पण ती मी तितक्याच आग्रहाने करतो.

कार्ड तपासणीसाठी मागवणार असाल तर पाठवण्याची तयारी आहे. मात्र सेवा केंद्रात त्यावर फरमार्कसारखी भाराची चाचणी चालवून ‘दोष आढळला नाही’ असा कागद जोडून ते परत करू नये. त्या चाचणीत ते पास होणारच. चाचणी नव्या शाखेच्या ड्रायव्हरवर, एकाच ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर, पॉवर मॅनेजमेंट मूळ सेटिंगवर ठेवून करावी. मेमरी क्लॉक पूर्ण खाली उतरू द्यावे, मग ब्राउझरमध्ये व्हिडिओ सुरू करावा, थांबवावा, क्लॉक पुन्हा खाली जाईपर्यंत वाट पाहावी, आणि हे किमान एक पूर्ण कामाचा दिवस चालू ठेवावे. अहवालात ड्रायव्हरची आवृत्ती आणि सिस्टिम विभागातील नोंदींची निर्यात केलेली फाइल जोडलेली असावी.

कळावे,

आपला,
एक वॉरंटीधारक ग्राहक