जॉकी बॉक्स शिकवणाऱ्या काकांना उघडं आभारपत्र

तीर्थस्वरूप काका यांस,
सा. न. वि. वि.

जॉकी बॉक्सच्या, म्हणजे बर्फाच्या पेटीतून बिअर गार करून देणाऱ्या सोयीच्या, नळातून फेस यायला लागला की दाब कमी करायचा नाही, उलट वाढवायचा. तुमच्या या एका वाक्याचे आभार मानायला हे पत्र. ते उघडं लिहितोय, कारण ह्यूस्टनमध्ये, आणि अमेरिकेत इतरत्रही, घरी बिअर बनवणारी बरीच मराठी मंडळी आहेत आणि नळातून नुसता फेस आला की सगळ्यांचा हात आधी गॅसचा दाब ठरवणारा रेग्युलेटर उलटा फिरवायला जातो.

तो का फिरवायचा नाही, हे तुम्ही आकड्यांनी समजावलंत. ३-४ अंश सेल्सिअसला बिअरमध्ये २.५ व्हॉल्यूम गॅस (बिअरच्या आकारमानाच्या अडीचपट कार्बन डायऑक्साइड) धरून ठेवायला ११-१२ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब पुरतो. तीच बिअर २० अंशांवर आली की २८ लागतात. केग, म्हणजे बिअरचं पिंप, बाहेर कोमट उभा असेल आणि दाब १२ वरच असेल, तर गॅस केगमध्ये आणि नळीतच सुटायला लागतो. कॉइलपर्यंत, म्हणजे बर्फातल्या गुंडाळलेल्या नळीपर्यंत, बिअर पोचते तेव्हा तिच्यात बुडबुडे झालेले असतात, आणि नंतर कितीही गार केली तरी तेवढ्या वेळात ते परत विरघळत नाहीत. त्यात दाब आणखी उतरवला की आणखी गॅस सुटतो.

ज्यांनी जॉकी बॉक्स पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: साध्या बर्फाच्या पेटीला, म्हणजे कूलरला, पुढून नळ बसवायचा, आत स्टीलची लांब कॉइल ठेवायची आणि केगची बिअर तिच्यातून फिरवायची. एका नळाला ४८ क्वार्टचा (साधारण ४५ लिटरचा) कूलर भरपूर होतो. कॉइल ५/१६ इंची, ५० फूट, ३०४ स्टेनलेसची. शँक (पेटीच्या भिंतीतून आरपार जाणारा, नळ बसवायचा दांडा) आणि नळही स्टेनलेसचेच घ्यावेत, कारण पितळेवरचा मुलामा आम्लाने हळूहळू उडतो. नळ पुढून बंद होणारा हवा, मागून बंद होणाऱ्यात बिअर सुकून दांडा चिकटतो.

नळ्यांचा हिशोब तुम्ही कागदावर मांडून दिलात, तो तसाच देतो. ही कॉइल साधारण १५ पीएसआय खाते, म्हणजे तिच्यातून जाताना बिअरचा तेवढा दाब उतरतो. केगपासून कॉइलपर्यंतची नळी पाव इंची, तीन फुटांची, तिचे अडीच. कॉइल ते शँक ३/१६ इंची, चार फूट, तिचे बारा. एकूण साडेएकोणतीस, म्हणून रेग्युलेटर २८ ते ३० वर. बारीक नळी कॉइलच्या आधी लावायचा मोह होतो, कारण बाहेर जागा मोकळी असते. पण मग बिअर कोमट असतानाच दाब पडतो आणि फेस तिथेच तयार होतो. दाब पडायचा तो बिअर गार झाल्यावर पडावा. म्हणून बारीक नळी कॉइलनंतर, आणि तीही वेटोळं करून बर्फाच्या पाण्यात.

शँकचं भोक ७/८ इंची होल सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने), बाहेरून आत. उंची ठरवताना नळाखाली ग्लास मावतो का ते बघायचं आणि झाकण पूर्ण लागतंय ना तेही. कूलरची भिंत म्हणजे पातळ प्लॅस्टिकचे दोन पत्रे आणि मध्ये फोम. नट आवळला की फोम दबतो, आणि दोन-चार वेळा नळ ओढल्यावर शँक खाली झुकतो. त्यावर तुमचा उपाय असा की दोन्ही बाजूंना अर्ध्या इंची फळी, तिलाही तेच भोक, आणि मगच नट. चार इंचांहून थोडा लांब शँक त्याला पुरतो. नळी बार्बवर (जोडाच्या खाचांच्या तोंडावर) चढत नसेल तर टोक मिनिटभर गरम पाण्यात धरायचं, चढवून क्लॅम्प आवळायचा. गॅसचे सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासायचे.

बर्फाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. कॉइलवर नुसते बर्फाचे खडे टाकले तर ते तिला जेमतेम ठिकठिकाणी टेकतात, बाकी सगळी हवा. आधी बर्फ भरायचा, मग कॉइल बुडेपर्यंत पाणी. कॉइलऐवजी कोल्ड प्लेट (आतून नळ्या गेलेली धातूची जाड पाटी) असेल तर नेमकं उलटं: पाणी सतत काढून टाकायचं आणि बर्फ प्लेटला चिकटून ठेवायचा. दोन्हीत अर्ध्या तासाने बर्फ खाली दाबायचा, कारण तळाचा वितळून वर कमान तयार होते. मीठ अजिबात नाही. बिअर साधारण उणे दोनला गोठते, कॉइल आतून बंद पडते.

आणि ती पारदर्शक नळी! केग ते कॉइल या तीन फुटांत नुसतं बघायला तुम्ही शिकवलंत. तिथे बुडबुडे सरकताना दिसले तर दोष केगकडे: दाब दोन पीएसआयने वाढवा, केगवर ओलं गोणपाट टाका, सावलीत सरकवा. तिथे बिअर काचेसारखी स्वच्छ आहे आणि नळातून फेस येतोय, तर दोष पेटीत: बर्फ संपलाय, कॉइल पाण्याबाहेर आलीय, किंवा कोणी नळ अर्धाच उघडतंय. नळ नेहमी पूर्ण उघडायचा.

कॉइलमध्ये साधारण ४५० मिलिलिटर बिअर मावते, म्हणजे जवळपास एक पाइंट. त्यामुळे पहिला ग्लास सगळ्यात गार येतो. रांग लागली की पुढच्या ग्लासांना गार व्हायला वेळ कमी मिळतो, तेव्हा दोन ग्लासांमध्ये अर्धा मिनिट थांबलेलं बरं. उरलेला केग घरी आणून फ्रिजमध्ये ठेवायचा असेल तर आधी गॅस सोडून दाब बारावर आणायचा. तीसवर राहिला तर काही दिवसांत बिअरमध्ये गॅस जास्त होतो. सिलिंडर गाडीत आडवा नको, खिडक्या बंद करून तर मुळीच नको.

घरच्या बिअरला इथे फेडरल कायद्याने मुभा मिळाली ती १९७८ साली कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने: एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २००, आणि विक्री नाही. महाराष्ट्रातल्या वाचकांनी मात्र हे घरी करू नये, तिथे परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे.

काका, तुमचा बॉक्स शनिवारी परत आणतोय. लाइन क्लीनर १५ मिनिटं फिरवून साध्या पाण्याने धुतलाय, मग स्टार सॅन हे जंतुनाशक, चार लिटरला सहा मिलिलिटर या मापाने. शेवटी कॉइल गॅसने फुंकून कोरडी केलीय, कारण आत पाणी राहिलं तर थंडीत गॅरेजमध्ये गोठून ती फुटते. नळ सुटा करून पिशवीत ठेवलाय, तळाचं बूच उघडंच आहे.

आपली,
ह्यूस्टनची मराठी होमब्रू मंडळी