वंदूस पत्र, सलीमाहून

सलीमा, मलावी
२० नोव्हेंबर

प्रिय वंदू,

तुझं पत्र मिळालं. "तिथल्या बायकांचे किती हाल गं, बिचाऱ्या" हे वाक्य वाचून आधी चिडले, मग हसू आलं. हाल आहेत, खोटं कशाला सांगू! पण बिचारी म्हणावी अशी बाई मला इथे अजून भेटायची आहे.

इथे पाणी भरणं हे बाईचंच काम. वीस लिटरची बादली डोक्यावर आणि चितेंजे म्हणजे रंगीत कापडात बांधलेलं पोर पाठीवर. गावचा हापसा बंद पडला की शेजारच्या गावी जायचं, नाहीतर नदीच्या वाळूत खड्डा खणून बसायचं. शाळेत जाणाऱ्या पोरी मग रांगेत उभ्या. त्यात जानेवारी ते मार्च घरातला मका संपलेला असतो आणि नवा यायचा असतो. तेव्हा ‘गान्यू’ला, म्हणजे रोजंदारीवर, दुसऱ्याच्या शेतात जावं लागतं. नेमकी तीच आपल्या शेताच्या खुरपणीची वेळ. दुसऱ्याचं तण काढता काढता स्वतःचं पीक हातचं जातं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

हापशावरून आठवलं, आपलं सोलापूर इथे मला सारखं भेटतं. सत्तरच्या दशकात जो ‘इंडिया मार्क टू’ पंप तयार झाला, त्याचं मूळ आपल्याकडच्या सोलापूर पंपात. शाळेत कुणी सांगितलं होतं का आपल्याला? तो पंप मजबूत खरा, पण नुसतं वॉशर बदलायचं तरी लोखंडी पाइप वर ओढायला चार गडी आणि मेकॅनिक लागतो. इथे चालतो तो आफ्रिदेव. त्याची सुरुवात याच मलावीत, ऐंशीच्या दशकात ‘मालदेव’ नावाने झाली. पाइप प्लास्टिकचा, तो जागचा हलवायचा नाही. दांड्या एकमेकींत अडकवलेल्या. एका पान्यावर सगळं उघडतं.

परवा एका गावात तेच बघत बसले. पाणी समितीच्या बायकांनी झाकण काढलं आणि एकेक दांडी वर घेत गेल्या. शेवटी पिस्टन आला, त्यावरचं रबर झिजून कागदासारखं झालं होतं. अध्यक्षबाईंनी ते उजेडात धरलं, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "म्चेंगा." वाळू. मी इंजिनिअर, पण माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. नवं रबर बसवून पाणी यायला एक तासही लागला नसेल. मग वही निघाली. ज्यांनी वर्गणी भरली नव्हती त्यांना पाणी दिलं, पण नावं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली! आपल्या सोसायटीत हे करून बघ.

पाहुणे येतात, बायकांच्या सोशिकपणाचं कौतुक करतात, फोटो काढतात आणि जातात. रबर मात्र कुणी आणत नाही. ते तालुक्याच्या दुकानातही दरवेळी मिळतंच असं नाही.

पोरींचं सांगते. मागे झालेल्या एका मोठ्या पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. शेजारच्या देद्झा जिल्ह्यात तेरेसा काचिंदामोतो नावाच्या प्रमुख होत्या, बाईच. त्यांनी आपल्या हद्दीतली शेकड्यांनी बालविवाह मोडले, मुलींना परत शाळेत धाडलं, आणि ज्या गावप्रमुखांनी काणाडोळा केला त्यांना पदावरून काढलं. लग्नं मोडून आणल्यावरच त्यांना परत घेतलं. २०१५ साली कायद्याने वय अठरा केलं, पण घटनेत पंधराव्या वर्षी आईबापांच्या संमतीने लग्नाला वाट होती. ती बुजवायला २०१७ उजाडलं. आपण नाक मुरडायचं कारण नाही गं. बीडच्या ऊसतोडीच्या कोयत्यासाठी जोडी लागते म्हणून आपल्याकडे पोरी कितव्या वर्षी उजवतात, तुला ठाऊकच आहे.

आता बँकेचं. इथल्या बायका ‘बँक म्खोंडे’ चालवतात, म्हणजे ओसरीवरची बँक. आपल्या भिशीची आणि बचत गटाची सख्खी बहीणच. ही पद्धत १९९१ मध्ये नायजरमधल्या माराडी भागात सुरू झाली. पत्र्याच्या पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तीन वेगळ्या घरांत, पेटी चौथ्या घरात. पैसे मोजताना सगळ्यांसमोर मोजायचे. आत्ता पेरणीच्या तोंडावर वाटप होतं आणि त्यातून बी-खत घेतात. फक्त २०२३ च्या नोव्हेंबरात इथल्या रिझर्व्ह बँकेने क्वाचा, म्हणजे इथलं चलन, उतरवलं आणि डॉलर ४४ टक्क्यांनी महागला, तेव्हा वर्षभर साठवलेल्या पैशांत खताची गोणीही परवडेना. कुलपं काय करणार बिचारी! शिव्या दिल्या, आणि पुढच्याच आठवड्यात नव्या वर्षाचा पहिला हप्ता जमा केला. मला वाटलं होतं गट फुटेल. एकही बाई बाहेर पडली नाही. उधारीवर थोडं खत आणलं, ते वाटून घेतलं. पुरलं का? नाही. त्या वर्षी सगळ्यांच्याच कणग्या लवकर रिकाम्या झाल्या.

तुझ्या बचत गटाबद्दल मी त्यांना सांगितलंय. तेव्हापासून प्रश्न थांबत नाहीत: तुम्ही शेकडा किती व्याज घेता, बँक थेट कर्ज देते का, नवऱ्याची सही लागते का, आणि बुडवणारीचं काय करता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तूच नीट लिही, मला ते जमणार नाही. गटाच्या वहीच्या दोन पानांचे फोटोही पाठव, नावं झाकून.

काकूंना नमस्कार सांग. शेंगाची चटणी कुणी येणारं असलं तर दे, नाहीतर राहू दे.

तुझी,
माली