इंजेक्शन राहू दे, आधी मोजायला शिक

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय सुजाता,

यादीत नाव लागलं, बी. एस्सी. नर्सिंगला आलीस, आणि तुझा पहिला प्रश्न काय, तर "इंजेक्शन कधी द्यायला मिळतं गं?" म्हणून फोन न करता पत्रच लिहायला घेतलं. इंजेक्शनला वेळ आहे. पहिल्या सेमिस्टरला हात धुणं, बेड करणं, टीपीआर-बीपी (ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब) मोजणं आणि दिसलं तेवढंच लिहिणं, एवढ्यावर सगळं उभं असतं. नेमक्या याच कामांना मुली पहिल्या महिन्यात कंटाळतात.

कागदपत्रांचं दोन ओळींत उरकते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला, सीईटीचं गुणपत्रक, डोमिसाइल, जातीचा दाखला नि व्हॅलिडिटी, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर, मेडिकल फिटनेस, आधार. दाखला एकदा कॉलेजात जमा झाला की सहज हातात येत नाही, म्हणून आधीच पाच-सहा झेरॉक्स काढून ठेव. महाडीबीटीच्या (सरकारी पोर्टलवरच्या) शिष्यवृत्तीसाठी बँक खातं आधारला जोडलेलं लागतं. वडिलांना उत्पन्नाचा दाखला आत्ताच तहसीलमधून काढायला सांग, नंतर तिथे रांग लागते.

खरेदीत घाई करू नकोस. गणवेशाचा नमुना कॉलेज सांगतं, कापड त्यानंतरच घे. बूट पांढरे, पुढून-मागून बंद, तळवा न घसरणारा. ते संध्याकाळी विकत घे, दिवसभर उभं राहून पाय फुगतात तेव्हाचं माप खरं. (कोल्हापुरी चप्पल कितीही आपली असली तरी वॉर्डात नको. सुई खाली पडली तर थेट पायात.) घड्याळ सेकंद काट्याचं हवं आणि ते मनगटावर नको, खिशाला अडकवायचं. मनगटावर काही असलं की हात कोपरापर्यंत धुतलेच जात नाहीत. स्टेथोस्कोप साधा दोन बाजूंचा घे, पण नळीला चिकटपट्टी लावून नाव लिही, नाहीतर आठवड्यात तो दुसऱ्याच्या गळ्यात दिसेल. छोटी कात्री, टेप, टॉर्च, खिशात मावेल अशी वही आणि निळा, काळा, लाल असे तीन पेन. कुठल्या पाळीला कुठल्या शाईनं लिहायचं हे वॉर्डागणिक बदलतं, ते तिथं विचार.

आणि हे आजच कर: हिपॅटायटीस बीची लस. तीन डोस, आज, एक महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी करून घ्यायची, 10 (एमआययू प्रति मिलिलिटर) किंवा त्याहून जास्त आली तर संरक्षण मिळालं. पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातली ड्यूटी, सुरू झाल्यावर लस शोधत बसणं म्हणजे पाऊस आल्यावर कौलं शाकारणं.

पहिल्या सेमिस्टरला अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग फाउंडेशन. तुझं शिक्षण मराठीत झालंय, म्हणून अ‍ॅनाटॉमीची पानं डोंगरासारखी वाटतील. शब्द सुटा करून वाच. शेवटी 'आयटिस' असलं की दाह, 'एक्टोमी' असलं की काढून टाकणं, 'ऑस्टोमी' म्हणजे तोंड पाडणं, 'ओटोमी' म्हणजे नुसता छेद. शब्दाच्या सुरुवातीला 'नेफ्रो' म्हणजे मूत्रपिंड, 'हेपॅटो' म्हणजे यकृत. असे पन्नास-साठ तुकडे पाठ झाले की निम्मं पुस्तक आपोआप उलगडतं. 'हायपो' आणि 'हायपर' मात्र तोंडानं स्पष्ट म्हणायची सवय लाव. साखर कमी झालीय की वाढलीय हा फरक एका अक्षरावर आहे, आणि दोन्हींचे उपाय उलटे.

आता हात. साबण-पाण्यानं 40 ते 60 सेकंद, सॅनिटायझरनं 20 ते 30 सेकंद. तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, मुडपलेल्या बोटांच्या पाठी, अंगठे, नखांची टोकं, मनगट. बहुतेकींचे अंगठे आणि नखांची टोकंच राहून जातात. नळ कोपरानं किंवा कागदानं बंद करायचा, धुतलेल्या हातानं पुन्हा त्याच नळाला हात लावला तर धुतलं काय? पाच वेळा ठरलेल्या आहेत: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवी असं काही लागल्यावर, पेशंटला हात लावल्यावर आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. शेवटची वेळ सगळ्यात जास्त चुकते, कारण पेशंटला हात लावलेलाच नसतो, नुसता कॉटचा कठडा धरलेला असतो.

बेडमेकिंगला हसू नकोस. खालची चादर, मॅकिंटॉश (रबरी कापड), त्यावर ड्रॉशीट (आडवी छोटी चादर), मग वरची चादर, पांघरूण. कोपरा पाकिटासारखा दुमडून गादीखाली घट्ट खोचायचा. मॅकिंटॉश रबरी असतं, त्यावर अंग घामेजतं, म्हणून ड्रॉशीट ते पूर्ण झाकेल एवढी रुंद हवी. चादरीला एक सुरकुती राहिली की न हलणाऱ्या पेशंटच्या माकडहाडावर तीच दाबते आणि तिथूनच बेडसोअर, म्हणजे पडून-पडून होणारी जखम, सुरू होतो. अशा पेशंटची कूस दर 2 तासांनी बदलायची. काढलेली चादर झटकायची नाही, अंगाशी धरायची नाही, जमिनीवर टाकायची नाही, आतल्या बाजूला गुंडाळत थेट बादलीत. आणि वाकताना कमरेतून वाकू नकोस, गुडघ्यांतून वाक, कॉट वर-खाली होत असेल तर आधी ती वर घे.

टीपीआर-बीपी हा माझ्या मते अख्ख्या वर्षाचा कणा. नाडी अंगठ्यानं मोजायची नाही, अंगठ्याची स्वतःची ठोके देणारी रक्तवाहिनी मध्ये येते. दोन-तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट. मग बोटं तशीच मनगटावर राहू दे आणि छातीकडे बघत श्वास मोज, पेशंटला न सांगता. 'आता श्वास मोजते' म्हटलं की माणूस श्वास बदलतोच. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला 12 ते 20, नाडी 60 ते 100. कुठलाही चार्ट उघड, श्वासाच्या रकान्यात ओळीनं 20, 20, 20 दिसले तर समज, कुणी मोजलेलेच नाहीत. श्वास वाढणं ही बिघाडाची फार लवकर मिळणारी सूचना असते, आणि तोच आकडा सगळ्यात जास्त वेळा अंदाजानं भरला जातो. तोंडातला ताप मोजताना गरम चहा पिऊन झाला असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांब. काखेतला ताप तोंडातल्यापेक्षा साधारण 1 अंश फॅरनहाइट कमी येतो, म्हणून 'काखेतला' असं लिहायचंच.

बीपीआधी पेशंट 5 मिनिटं टेकून बसलेला हवा, पाठीला आधार, पाय जमिनीवर, एकावर एक नकोत, हात हृदयाच्या पातळीला. चहा किंवा तंबाखू झाली असेल तर अर्धा तास जाऊ दे. कफ, म्हणजे मशिनचा हवा भरायचा पट्टा, उघड्या दंडावर. शर्टाची बाही वर सरकवून तिचा घट्ट वळा केला तर तोच दंड आवळतो. कफची खालची कड कोपराच्या घडीपासून अडीच सेंटिमीटर वर, आतली पिशवी दंडाच्या घेराच्या 80 टक्के व्यापेल एवढी. जाड दंडाला लहान कफ लावला तर बीपी खोटं वाढलेलं दिसतं, आणि तालमीत कमावलेले दंड आपल्याकडे काय कमी आहेत का? आधी मनगटाची नाडी धरून हवा भर, नाडी गेली त्या आकड्याच्या 30 वर ने, मग सेकंदाला 2-3 मिलिमीटर या गतीनं सोड. पहिला ठोका वरचं, आवाज नाहीसा होतो ते खालचं. हवा भसकन सोडली तर वरचं कमी आणि खालचं जास्त ऐकू येतं. स्टेथोचे कानातले तुकडे नाकाच्या दिशेनं वळलेले हवेत, उलटे घातले की काही ऐकू येत नाही आणि मुली मशिनला दोष देतात. ऐकूच आलं नाही तर 'आलं नाही' म्हण. शेजारच्या मुलीचा आकडा उतरवलास तर त्यावर एखाद्याची गोळी ठरेल.

12 मेला नर्सेस डे असतो, त्या दिवशी फ्लोरेन्स नाइटिंगेलचा दिवा सगळ्यांना आठवतो. क्रिमियाच्या युद्धात सैनिक कशानं मेले हे बाईंनी मोजून 1858 साली आकृत्यांत मांडलं, आणि जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या रोगांनी किती जास्त मेले हे सरकारला दाखवलं, याचं भाषण मात्र कोणी करत नाही.

नोट्स लिहिताना 'पेशंट बरा आहे' याला काही अर्थ नाही. किती वाजता, काय दिसलं, काय केलं, कुणाला कळवलं, तेवढं लिही. चूक झाली तर एक रेघ मारून सही कर. खाडाखोड नको, व्हाइटनर तर नकोच. ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटचा ताबा, घेताना नुसतं ऐकू नकोस, कॉटपाशी जाऊन सलाईनची बाटली, कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी, ड्रेसिंग स्वतः बघ. इन्टेक-आउटपुटला (पेशंटच्या पोटात किती गेलं, बाहेर किती आलं) 'अर्धा ग्लास' चालत नाही, वॉर्डातला कप नि ग्लास एकदा मिलिलिटरमध्ये मोजून वहीत टिपून ठेव. लॉगबुकवर (केलेल्या कामांच्या वहीवर) त्या त्या दिवशीच सही घे, परीक्षेच्या तोंडावर मॅडम सापडत नाहीत. हजेरीचंही तसंच: परीक्षेला बसायला 80 टक्के लागते, पण डिग्रीआधी प्रॅक्टिकलची 100 टक्के भरून द्यावी लागते.

गणिताला घाबरतेस म्हणून दोनच सूत्रं. हवा असलेला डोस भागिले उपलब्ध डोस, गुणिले मिलिलिटर: 2 मिलिलिटरमध्ये 500 मिलिग्रॅम आहे आणि 375 हवंय, तर दीड मिलिलिटर. सलाईनला, मिलिलिटर गुणिले सेटचे (सलाईनच्या नळीचे) एका मिलिलिटरचे थेंब भागिले मिनिटं: 500 मिलिलिटर 4 तासांत, सेट 20 थेंबांचा, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. सेटच्या पाकिटावर आकडा बघ, मायक्रोसेट 60 चा असतो. इन्सुलिनला डोळ्यांत तेल घाल. आपल्याकडे 40 युनिटची बाटली लाल टोपणाच्या सिरिंजनं, 100 युनिटची नारिंगीनं. 100 ची बाटली लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलीस तर अंगात 50 युनिट जातात. उलट केलंस तर 20 च्या जागी 8.

सुईला टोपण परत लावायचं नाही. सुई थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, सुईशिवायची सिरिंज आणि नळ्या लाल पिशवीत, रक्ताचा कापूस-ड्रेसिंग पिवळ्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. टोचलीच तर दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात तर मुळीच घालायचं नाही. साबण-पाण्यानं धुवायचं आणि त्याच मिनिटाला इनचार्ज सिस्टरना सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं पहिल्या 2 तासांत सुरू झाली तर उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स 28 दिवसांचा. लाजून संध्याकाळपर्यंत गप्प बसणं हीच यातली खरी चूक.

पेशंटची भाषा मात्र पुस्तकात नाही, आणि तिथे तू शहरातल्या मुलींच्या पुढे आहेस. सीपीआरसारख्या इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात राधानगरी-गगनबावड्यापासून निपाणीपर्यंतची माणसं येतात. 'उमासं येत्यात', 'ढाळ लागल्यात', 'घेरी येतीया', 'छातीत चमक मारतीया'. त्यांचा शब्द अवतरणात तसाच लिही. चमक मारणं आणि छातीवर दगड ठेवल्यागत वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींचं 'छातीत दुखतंय' करून टाकू नकोस. ऑपरेशनआधी 'काही खाल्लंय का?' विचारलं की 'न्हाई' येतं, कारण चहा म्हणजे खाणं नव्हे. 'पाणी, चहा, काहीही तोंडात गेलंय का, किती वाजता?' असं विचार. बायकांना 'तंबाखू खाता का?' विचारशील तर नाहीच म्हणतील. मिश्रीचं वेगळं विचार. आणि कुणी 'पोरानं औषध पिलंय' म्हटलं तर गोळ्या समजू नकोस, आपल्याकडे शेतात फवारतात तेही औषधच. डबा किंवा बाटली आणायला सांग, हातमोजे घाल, तोंडाला फेस, घाम, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या तर एक क्षण न थांबता मोठ्यानं सिस्टरना हाक मार.

वॉर्डातल्या मावशी आणि मामांना नावानं नाही, मावशी-मामाच म्हण. लिननची कपाटं, हट्टी नातेवाईक, ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी, सगळं त्यांना ठाऊक असतं. सकाळी रिकाम्या पोटी जाऊ नकोस, पहिल्या ड्रेसिंगला चक्कर येते ती बहुतेक उपाशीपणामुळे आणि गुडघे ताठ करून उभं राहिल्यामुळे. डोळ्यांपुढं अंधारी आली की सरळ खाली बस, ट्रेवर पडण्यापेक्षा बरं. नाष्ट्याला पोहे-भाकरी काहीही खा, मिसळ सुट्टीच्या दिवशी.

होस्टेलला येताना कुलूप, बादली आणि कपडे वाळवायची दोरी घरूनच आण. पावसाळ्यात इथे गणवेश दोन दिवस वाळत नाही, म्हणून तीन जोड शिव. मंगळवारी माझी सुट्टी आहे, बसची वेळ कळव, स्टँडवर येते.

तुझी,
वैशाली